खाटेवर कोणी नाही

१

अविराज नेमकं काय काम करतो, हे पिंपळीत कुणालाच धड सांगता येत नसे. पोरगं दिवसभर कानाला वायर लावून, डोळे मिटून, काळ्या पडद्यासमोर बसतं आणि तरी त्याला पगार मिळतो, याचंच लोकांना नवल. त्याचे वडील हिंदुराव, ज्यांना घरीदारी सगळे तात्या म्हणत, ते "कॉम्प्युटरचं हाय कायतरी" म्हणून विषय मिटवायचे. आई प्रयागबाई मात्र नीट सांगायची, "आंधळ्या पोरांसाठी पुस्तकं तयार करतो." 'आंधळ्या' हा शब्द ती आवाज खाली आणून म्हणायची, कारण घरात आत्या होती.

काम तसं सरळ होतं. एक संस्था त्याच्याकडे कॉलेजची पुस्तकं स्कॅन करून पाठवायची. ज्यांना दिसत नाही ती मुलं स्क्रीन रीडरवर पुस्तक ऐकतात. संगणकातला एक बायकी आवाज मजकूर वरून खाली वाचत जातो. पण चित्र आलं की त्या आवाजाचं काही चालत नाही. म्हणून प्रत्येक चित्रामागे अविराजनं दोन वाक्यांत लिहून ठेवायचं, की यात अमुक आहे. वेलबुट्टी, कोपऱ्यातलं फूल असलं काही असेल तर लिहायची गरज नव्हती. तिथं एका छोट्या चौकोनात खूण करायची, की हे चित्र नुसतं शोभेचं आहे. खूण केली की आवाज त्या चित्रावरून सरळ पुढे जायचा. अडखळायचा नाही, दम घ्यायचा नाही. तिथं काही होतं याचा ऐकणाऱ्याला पत्ताही लागायचा नाही.

सुरुवातीला अविराज मन लावून वर्णनं लिहायचा. पुढे पुढे अंगचोरपणा आला. गर्दीचं चित्र, पुसट चित्र, कोण कुठं बसलंय ते सांगता सांगता जीव जाईल असं चित्र आलं, की तो शोभेची खूण करून मोकळा व्हायचा. कोण बघतंय? ज्यांच्यासाठी करायचं त्यांना तर दिसतच नव्हतं. हा विचार मनात आला की त्याला स्वतःचीच शरम वाटायची. पण शरम वाटली म्हणून त्यानं खूण कधी पुसली नाही.

दुपारची जेवणं झाली की तो पडदा काळा करून तयार धडा ऐकायचा, आपण स्वतः त्या मुलांपैकी एक असल्यासारखा. त्या वेळी भिंतीला हात लावत आत्या यायची आणि दाराजवळच्या खाटेवर बसायची. तिच्यासाठी तो कानातली वायर काढून आवाज मोठा करायचा.

धोंडाबाई आत्या ही तात्यांची थोरली बहीण. काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे गेले, मागोमाग नवरा गेला, आणि कळंबहून ती भावाकडे आली ती कायमचीच. आई-तात्या भाजीच्या रानात असत तेव्हा अविराजला वाढवलं ते तिनं. दिवस मावळला की ती त्याच्या तोंडावरून हात फिरवायची आणि म्हणायची, "बघू, आज कसा दिसतुयास." तो आता लग्नाचा झाला तरी ही सवय सुटली नव्हती.

संगणकातल्या आवाजाला ती 'वाचणारी' म्हणायची. त्या वाचणारीकडून ती ज्वालामुखी, संसद आणि बँकांचा इतिहास शिकली होती. एकदा मध्येच म्हणाली, "आरं, हितं एखादं चित्र व्हतं का?"

"कशावरनं?"

"तू हळूच खोकलास."

"शोभेचं हाय गं. काय न्हाय त्यात."

"शोभेचं आसंना का. पर हाय तरी काय?"

अविराज हसला आणि पुढचं पान काढलं. काय होतं ते त्याच्याही लक्षात नव्हतं.

२

त्याच वर्षी त्याच्या लग्नाचं निघालं. पहिलं स्थळ अगदी जमत आलं होतं. पाहुणे घर बघायला आले, चहा पुढे आला, आणि आत्या चाचपडत बाहेर आली. पाहुण्यांपैकी एकानं विचारलं, "हे डोळ्यांचं तुमच्या घराण्यात हाय का?" चहा कपातच राहिला. नंतर त्यांचा फोन लागला नाही.

म्हणून इंदापूरच्या आप्पासाहेबांची निकिता सांगून आली तेव्हा आईनं ठरवून टाकलं. पाहुणे येणार त्याच्या आदल्या दिवशी अविराजनं आत्याला बारामतीच्या स्टँडवर नेऊन एसटीत बसवलं. कळंबला तिची जाऊ फुलाबाई होती.

"कशापायी पाठवतायसा?" आत्यानं विचारलं.

"हवापालट."

"बरं," ती म्हणाली, आणि खिडकीतून हात बाहेर काढून त्याच्या तोंडावरून फिरवला. गाडी सुटेपर्यंत तिनं दुसरा प्रश्न विचारला नाही.

पाहुणे आले. आप्पासाहेब म्हणजे दिलखुलास माणूस, घर हसवून सोडलं. बोलता बोलता त्यांनी सहज विचारलं, "घरात माणसं कोण कोण?" तात्यांनी जमिनीकडे पाहिलं, आईनं पदर सारखा केला. उत्तर अविराजनं दिलं. "आई, तात्या आणि मी."

जीभ जराही अडखळली नाही. त्याची लाज त्याला नंतर वाटली, खोटं बोलल्याची तेवढी नाही जेवढी सहज बोलल्याची. निकिता त्याला मनापासून आवडली होती, आणि तिकडूनही होकार आला. ती हसली की आपण या मुलीला फसवतोय असं वाटे, आणि तरी ती हसावी असंच वाटे.

आत्या परत आली ती भाजलेल्या शेंगांचं गाठोडं घेऊन. ते त्याच्या हातात देत म्हणाली, "पावणं यिऊन गेलं ना? पोरगी कशी हाय रं, गोड हाय का?"

आंधळ्या माणसासमोर मान खाली घालण्यात काही अर्थ नसतो. तरी त्यानं घातली.

३

दुसऱ्या दिवशी हातात समाजशास्त्राचं पुस्तक होतं, कुटुंबावरचा धडा. धड्याच्या शेवटी कुणीतरी रेघारेघांनी काढलेलं जुनं चित्र होतं. एक खोली, खिडकीखाली टेबल, टेबलाशी पाठमोरा माणूस, दाराजवळ खाट. खाटेवर करडा डाग होता. माणूस म्हणावं तर माणूस, स्कॅन करताना पडलेली सावली म्हणावी तर सावली. अविराजनं निरखून पाहण्याचे कष्ट घेतले नाहीत. शोभेची खूण केली.

दुपारी वीज गेली. पंखा थांबला तशी घरामागच्या फ्लॉवरच्या रानातली शांतता आत आली. संगणक बॅटरीवर चालू होता. आत्या नेहमीसारखी खाटेवर बसली, अविराजनं डोळे मिटले, आणि वाचणारीनं धडा संपवत आणला. शेवटचं वाक्य झालं. त्यानंतर तिनं थेट प्रश्नांवर जायचं होतं. पण ती थांबली. दम घेतल्यासारखी थांबली.

"चित्र. खोली. खिडकीखाली टेबल. टेबलाशी तरुण बसला आहे. खाटेवर कोणी नाही."

मग तिनं प्रश्न वाचायला घेतले.

"खाटंवर कुणी न्हाय व्हय?" आत्या खळखळून हसली आणि तिनं खाटेवर थाप मारली. "मग मी कोण बसलीया हितं?"

अविराजही हसला, पण हात पटकन कळफलकावर गेला. खूण जागच्या जागी होती. वर्णनाची जागा कोरी होती. आजकाल असे प्रोग्राम स्वतःहून चित्र ओळखतात, हे त्याला ठाऊक होतं. पण त्याला इंटरनेट लागतं, आणि विजेबरोबर तेही गेलं होतं. त्यानं तो भाग पुन्हा वाचायला लावला. या वेळी वाचणारी चित्रावरून न थांबता पुढे गेली. आत्यानं ऐकलं नसतं तर त्यानं आपल्या कानांना दोष दिला असता आणि गोष्ट तिथंच मिटली असती.

तो खुर्चीत वळला. आत्या खाटेवरच होती, गुडघा चोळत. तिला बघून बरं वाटावं, तसं ते वाटलं नाही. मुळात आपण खात्री करायला वळलोच का, असं त्याला वाटलं.

४

त्या संध्याकाळी आईनं तीनच ताटं घेतली. अविराज काही बोलायच्या आत तिनं जीभ चावली. "आगं बया! वन्सं, तुमचं ध्यानातच राह्यलं न्हाय बघा." सगळे हसले. लग्नघर आहे, आईच्या डोक्याला हजार व्याप, असं त्यानं स्वतःला समजावलं.

मग शेजारची जयवंता विरजण मागायला आली आणि बोलत बोलत खाटेवर टेकली ती आत्याच्या मांडीवरच. किंचाळून उठली. "आई गं! तुमी हाय व्हय? मला वाटलं गोधडीची घडी हाय." जयवंताला चष्मा लागायला झाला होता, हेही खरं.

एका सकाळी तात्या त्याच्या खोलीत आले, दारात उभे राहून इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "ही खाट आता कुणाला लागत न्हाय. लग्नात पावण्यांसाठी भायेर घिऊ."

आत्या खाटेवर बसली होती.

"तात्या, आत्या बसलीया की तिथं," अविराज म्हणाला.

तात्यांनी खाटेकडे पाहिलं. झोपेतून उठलेला माणूस बघतो तसं, बराच वेळ. मग म्हणाले, "व्हय की. मी कुठं न्हाय म्हनलं?" आणि निघून गेले. आपल्याच बहिणीशी ते दोन शब्दही बोलले नाहीत.

इथपर्यंत दुसऱ्यांचं झालं. पण एके दिवशी आई-तात्या भाजीचा टेम्पो घेऊन बारामतीच्या मार्केटला गेले, आणि अविराजला तिथं निकिताला भेटायचं होतं म्हणून तोही निघाला. रोजच्यासारखं दाराला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. बारामतीत निकितासमोर रसाचा ग्लास उचलताना त्याला आठवलं, की आत्या आत आहे. ग्लास तसाच ठेवून तो उठला.

तो आला तेव्हा ऊन कललं होतं. घरात पत्र्याची धग साठली होती, आणि माठाशी पाणी सांडलेलं होतं. तिला तांब्या सापडला नसावा. ती खाटेच्या कडेला ताठ बसली होती.

"आत्या!"

"आलास?" तिचा आवाज बसला होता. "मी लई हाका मारल्या रं. जयवंता दारावरनंच गेली, पावलं वळखली मी तिची. तिला ऐकू आलं न्हाय." तिनं खाटेची कड चाचपली. "रोज जाताना मला 'येतो' म्हनतोस. आज म्हनला न्हाईस. मला वाटलं, तू अजून खोलीतच हायस. मी तुझ्याशी बोलतबी व्हते."

अविराजनं तिच्या तोंडाला तांब्या लावला. ती पाणी प्यायली आणि मग तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, नेहमीपेक्षा सावकाश. त्या हाताखाली त्याला तोंड लपवावंसं वाटलं. पाणावलेले डोळे तिच्या बोटांना लागले असतील.

५

ती झोपल्यावर त्यानं धडा उघडला. हे मूर्खपणाचं आहे, असं स्वतःला बजावतच त्यानं शोभेची खूण काढली. वर्णनाच्या जागी 'एक वृद्ध अंध स्त्री' असं लिहिलं आणि खोडलं. मग लिहिलं, 'खाटेवर माझी आत्या, धोंडाबाई, बसली आहे.' संस्थेच्या पुस्तकात हे चालणार नव्हतं. पाठवताना बदलू म्हणून त्यानं धडा आपल्याकडेच ठेवला.

दुसऱ्या दुपारी वाचणारीनं ते वाक्य वाचलं तेव्हा आत्या जागच्या जागी हलली. "माझं नाव हाय त्यात? पुस्तकात?"

"व्हय."

"आता गं बया," ती म्हणाली आणि पदराचं टोक तोंडाला लावून लाजली.

त्या संध्याकाळी चहाचा पहिला कप आईनं आत्याला दिला. जयवंतानं अंगणातूनच "आत्याबाई काय करत्यात?" म्हणून हाक दिली. तात्या तर खाटेवर बहिणीच्या शेजारी बसून कळंबच्या जुन्या गोष्टी काढून हसत होते. अविराजला हायसं वाटायला हवं होतं. पण खूण काढल्यानं हे झालं असेल, तर खूण केल्यानं ते झालं होतं. आणि हा विचार तो शेवटापर्यंत न्यायला तयार नव्हता. योगायोग, असं म्हणून त्यानं संगणक मिटला.

मग आप्पासाहेबांचा फोन आला. सुपारी फोडायला येतो म्हणाले, पुढच्याच आठवड्यात, तुमच्याच घरी.

"वन्संना परत कळंबला..." आईनं सुरुवात केली. पण आत्याचा गुडघा सुजून टम्म झाला होता. एसटीची पायरी चढणं तिला शक्य नव्हतं.

"सांगून टाकायचं का?" तात्या म्हणाले. मग स्वतःच मान हलवली. "पर आता कुठल्या तोंडानं? त्यांनी माणसं इचारली तवा आपुन तीनच सांगितली."

हे बोलणं स्वयंपाकघरात चाललं होतं, हळू आवाजात. ज्याला दिसत नाही त्याला ऐकू जास्त येतं, हे तिघांनाही माहीत होतं, आणि तरी तिघं आपले हळू आवाजात बोलत होते. अविराजनं तोंड उघडलं. मी सांगतो निकिताला, असं वाक्य ओठांवर आलं होतं. मग त्याला कपात तसाच राहिलेला तो चहा आठवला.

"मी बघतो काय ते," तो म्हणाला.

सुपारीच्या दिवशी सकाळी त्यानं तो धडा उघडला. 'धोंडाबाई' हे नाव एकेक अक्षर करत पुसलं. मग त्यानं खूण केली. आजच्या दिवसापुरती, असं तो मनात म्हणाला. संध्याकाळी काढून टाकू.

"काय करतुयास सकाळच्या पारी?" पाठीमागे खाटेवरून आत्यानं विचारलं.

"काम."

"चित्राचं?"

"व्हय."

"शोभेचं का रं?"

अविराजनं संगणक मिटला आणि मागे न बघता खोलीबाहेर गेला.

६

पुढच्या खोलीत सतरंज्या घातल्या होत्या. इंदापूरची मंडळी आली, फेटे झाले, हार झाले. पाटावर नारळ, विड्याची पानं आणि सुपारी मांडली. आईनं एकदाही विचारलं नाही, की आत्याचं काय केलंस. तिला विचारायचं सुचलंच नाही, हे अविराजला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. तिला कसलीच काळजी दिसत नव्हती.

आप्पासाहेबांनी बत्ता हातात घेतला, पण उचलला नाही. "जरा थांबा. आमच्याकडं रीत हाय. सुपारी फोडायची तर घरचं समदं माणूस म्होरं बसलेलं पायजे. म्हातारं आसंल, अंथरुणाला खिळलेलं आसंल, आंधळं-पांगळं आसंल, त्यालाबी उचलून आणून बसवायचं. मागनं कुणी रुसाया नको." मंडळी हसली. "बगा, हिंदुराव. कुणी राह्यलंय का?"

आतल्या दाराचा पडदा हलला.

आत्यानं ठेवणीतलं इरकली लुगडं नेसलं होतं. केस चापून बांधले होते. एक हात भिंतीला लावून, सुजलेला पाय ओढत ती दारात येऊन उभी राहिली आणि आवाजाच्या दिशेनं तोंड करून, जरा लाजून म्हणाली, "मी हाय की."

कुणीही वळलं नाही. आप्पासाहेब त्याच दाराकडे बघत होते, अगदी सरळ, आणि त्यांच्या डोळ्यांत नुसती वाट बघणाऱ्या माणसाची हसरी नजर होती. आई पेढ्यांचं ताट घेऊन आतून आली. तिला वाट द्यायला आत्या भिंतीला चिकटली. आईचा पदर तिच्या अंगावरून गेला. आईनं तो सावरलाही नाही.

"मी हाय की," आत्या पुन्हा म्हणाली, थोडं मोठ्यानं.

अविराजला ती दिसत होती, ऐकू येत होती. यावर उपाय काय ते त्याला त्या क्षणी लख्ख कळलं. संगणक लागत नव्हता, खूण पुसायला लागत नव्हती. आत्या, ये, हितं बस, एवढंच म्हणायचं होतं. आप्पासाहेबांसारखा माणूस उठून तिला हात देऊन घेऊन आला असता. पण मग ते विचारणार, त्या दिवशी का नाही सांगितलं? आणि निकिताला कळणार, की हा माणूस वाढवणाऱ्या बाईला लपवतो. ती लाज त्याला सोसवणार नव्हती.

तात्या त्याच्याकडे बघत होते. "अवी? कुणी राह्यलंय का रं?"

"न्हाय," अविराज म्हणाला. "कुणी न्हाय राह्यलं."

बत्ता खाली आला. सुपारी फुटली, टाळ्या झाल्या, कुणीतरी त्याच्या तोंडात पेढा कोंबला. त्यानं दाराकडे पाहिलं तेव्हा तिथं नुसता पडदा होता, आणि तो हलायचा थांबत होता.

७

पाहुणे गेले तेव्हा दिवस मावळायला आला होता. अविराज खोलीत आला. खाट रिकामी होती. गोधडी मात्र मधोमध दबलेली होती, नेहमी बसायची त्या जागी.

"आत्या?"

त्यानं मोरी पाहिली, परसात पाहिलं, गोठ्यात पाहिलं. आई पेढ्यांचे खोके रचत होती.

"आई, आत्या कुठंय?"

आई वळली. तिच्या तोंडावर दिवसभराचं हसू अजून होतं. ते तसंच राहिलं आणि कपाळावर एक आठी आली, कढईत काहीतरी राहिलंय की काय असं वाटल्यासारखी. "कोण रं?" तिनं विचारलं. उत्तराची वाट न बघता ती पुन्हा खोके मोजू लागली.

तो धावत खोलीत आला. त्यानं संगणक उघडला, खूण काढली. नाव लिहिलं, आत्या लिहिलं, बसली आहे असं लिहिलं, आणि वाचणारीला वाचायला लावलं. डोळे मिटायची सवय होती. तरी या वेळी त्यानं ते खाटेवर लावून ठेवले.

"चित्र. खोली. खिडकीखाली टेबल. खाटेवर धोंडाबाई बसली आहे."

'माझी आत्या' हे शब्द तिनं गाळले होते. खाट करकरली. गोधडीतला खड्डा सावकाश वर आला, कुणी उठावं तसा. कुणीही दिसलं नाही. मग भिंतीवरून तळहात सरकल्याचा आवाज येऊ लागला, लहानपणापासून ऐकलेला, आणि सोबत पाय ओढल्याचा.

"आत्या! आत्या, चुकलो मी."

"अवी?" तिचाच आवाज होता तो, अगदी जवळ. "अवी आला न्हाय का आजून? दिवस मावळला की."

"हा काय. हितंच हाय मी. तुझ्या म्होरं."

तळहात भिंतीवरून सुटला. खुर्चीत बसलेल्या अविराजच्या चेहऱ्यासमोर हवा हलली. लुगड्याला कपाटातल्या कापराचा वास होता. त्यानं तोंड पुढे केलं, डोळे मिटून, लहान मुलानं करावं तसं. कपाळापासून हनुवटीपर्यंत त्याला गारवा जाणवला. हात लागला नाही. तो त्याच्या आरपार गेला, आणि जणू रिकाम्या खुर्चीची पाठ चाचपून मागे झाला.

"कुणी न्हाय हितं," आत्या स्वतःशीच म्हणाली.

वाचणारी अजून बोलत होती. त्यानं लिहिलेलं वाक्य केव्हाच संपलं होतं.

"धोंडाबाई हात पुढे करून चाचपत आहे. टेबलाशी कोणी नाही."

"मी हाय की," अविराज म्हणाला. सुपारीच्या वेळी दारातून जेवढ्या मोठ्यानं ते शब्द ऐकले होते, तेवढ्याच मोठ्यानं त्यानं ते पुन्हा म्हटले. "मी हाय की, आत्या."

तळहात पुन्हा भिंतीला लागला आणि सरकत सरकत दाराकडे निघाला. आणि वाचणारीनं पुढचा धडा सुरू केला. ती अडखळली नाही, तिनं दम घेतला नाही.